न पाहिलेला घास

आबा,

माझा जनावरांचा दवाखाना पुण्याजवळ वाकडला आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, म्हणून सांगते. इथे गायी येत नाहीत. उंच इमारतींतून लिफ्टने उतरवलेली कुत्री येतात. रहाटणीच्या एका गॅरेजवाल्या चाचांचं गावठी कुत्रंही यायचं. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

गावी, माणला, आपल्या गोठ्यावर लोक आजारी जनावर घेऊन यायचे, तेव्हा औषधाच्या आधी तुम्ही वैरण मागायचात. मी दहाएक वर्षांची असेन. शेजारची गाय आली आहे आणि मी काढ्याची बाटली घेऊन पुढे धावते आहे. तुम्ही माझं मनगट धरता. "घाई कुणाला हाय? तुला का गायीला? आधी खाऊ दे तिला माझ्यासमोर." सगळे हसतात. मी रुसते, तरी बघत राहते. तुम्ही उकिडवे बसून तिच्या गळ्यातून घास उतरताना पाहत आहात, जणू दुसरं कामच नाही.

चाचा पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, पंधरा दिवस झाले, खाल्लं की उलटी. गॅरेजची फरशी घाण करतो, रोज बोलणी खातो माझी." मी 'उलटी' असं लिहून घेतलं. पोट चाचपलं, रक्त तपासलं, पोटाची औषधं दिली. बाहेर पाच जण थांबले होते. पुढच्या खेपेला औषध बदललं. तीन आठवड्यांनी ते तिसऱ्यांदा आले, तेव्हा कुत्र्याला गप्प बसवायला चाचांनी खिशातला पाव दिला. त्याने मान लांब केली, गिळला, आणि थोड्याच वेळात पाव जसाच्या तसा बाहेर पडला. पोट हललंसुद्धा नाही. ती उलटी नव्हतीच. घास पोटापर्यंत पोचतच नव्हता.

एक्स-रेत छातीत सावली दिसली. मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली, तर अन्ननलिकेत फ्लॉवरसारखी गाठ. तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर निघाला. कुत्र्यांमध्ये हा फार क्वचित होतो. शेणकिडे खाल्ल्याने एक जंत अंगात जातो, अन्ननलिकेत गाठ करतो आणि एखाद्याच कुत्र्यात ती अशी बिघडते. तिथले सर म्हणाले, तीन आठवडे आधी कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. खरं असेल. पण पहिल्या दिवशी हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी पाहिलं नव्हतं.

चाचा मात्र सगळीकडे सांगत सुटले, "आमच्या मॅडमनी पकडलं." त्यांनी पाठवलेले दोघे आपली कुत्री घेऊन दवाखान्यात आले आणि मला त्यांच्याकडे नीट बघवेना.

गेल्या सोमवारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. त्यानंतर मी बोलले. "चाचा, पहिल्याच दिवशी मी त्याला खाताना बघायला हवं होतं. चूक माझी."

त्यांनी हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. "उलटी तर मीच म्हणालो होतो, बेटा." मग खाली बघत म्हणाले, "मी ओरडायचो, तेव्हा त्याला दुखत होतं का?"

"नाही," मी लगेच म्हणाले.

केसपेपरवर मी माझा उशीर लिहिला आहे. ते 'नाही' कुठेच लिहिलं नाही. त्याला दुखत होतं की नाही, मला माहीत नव्हतं, आबा.