कुन्मानाराचे दोनशे साठ फोटो

३ नोव्हेंबर

नवे व्यवस्थापक अवतरले! ॲडलेडहून, इस्त्री केलेल्या अर्ध्या चड्डीत. नाव डर्मट. आमच्या वाळवंटातल्या आदिवासी वस्तीच्या फोटोसंग्रहाच्या खोलीत टेबलावरच्या पाच हार्ड डिस्क पाहून त्यांनी असा चेहरा केला, जणू ताटात पाच पाली वाढल्या आहेत.

"पाच कशाला? एकच मोठी घेऊ. सगळं एका जागी!"

दिवसभरात हे अकरा वेळा म्हणाले. मी मोजले. बोलायचे नसले की मोजणे एवढाच उद्योग उरतो.

पाच कशाला, ते मी सांगायला हवे होते. प्रत्येक डिस्क एकेका घराण्याची. कुणी वारले की घरचे सांगेपर्यंत त्या माणसाचे फोटो बंद, नावही बंद. मग तो असो वा ती, फक्त ‘कुन्मानारा’, म्हणजे ‘ज्याचे नाव घ्यायचे नाही’. जुलैत जो गेला त्याचे नाव मी या पानावरही लिहीत नाही. आमच्या दुकानदाराचे नाव दुर्दैवाने तेच. त्यामुळे तो धडधाकट गृहस्थही चार महिने कुन्मानाराच आहे, आणि त्याची काही तक्रार नाही.

सध्या दोन डिस्कवर असा एकेक बंद फोल्डर आहे. फोटोंची नावे बदलण्याचे काम माझे. कुन्मानारा ००१, ००२... सहा वर्षे करते आहे. सुवाच्य, बिनचूक.

६ नोव्हेंबर

इमूनाआजी आल्या. आत येत नाहीत — एसीने गुडघे धरतात. उंबऱ्यावर बसूनच हाक.

"पोरी, पुस्तकं चावून झाली असतील तर इकडे बघ. माझ्या लेकीला आता बाहेर काढ. तीन वर्षं झाली. घरच्यांचं ठरलंय."

लेक गेली तेव्हा घरातले तिचे फोटो रिवाजाप्रमाणे जाळून टाकले. उरले ते आमच्या डिस्कवरचेच, दोनशे साठ.

"नात आठ वर्षांची झाली. आईचं तोंड कसं होतं, विचारते. मी काय सांगू? माझ्यासारखं म्हणावं तर पोर घाबरेल!"

हे साहेबांच्या कानावर गेले. "उत्तम! सोहळाच करू! मोठा पडदा! सॉसेज भाजू!"

"फोटो बघायला सॉसेज लागतात?" आजींनी मला विचारले. मग म्हणाल्या, "घालतोय खायला तर घालू दे."

९ नोव्हेंबर

स्थलांतर संपन्न. पाच डिस्कवरचे सगळे एका डिस्कवर. साहेबांनी स्वतः केले, शीळ घालत. मी शेजारीच होते.

बॅकअपही काढला — त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये! पाकीट मारले जाऊ नये म्हणून दुसरे पाकीट त्याच खिशात.

जुन्या पाचही डिस्क कोऱ्या करून फुटबॉल क्लबाला दान. सामन्यांचे चित्रण ठेवायला.

१० नोव्हेंबर

त्रेचाळीस अंश. माश्या. क्लबाने पाचही डिस्क काठोकाठ भरल्या म्हणे. तत्परता!

१४ नोव्हेंबर

शेडमध्ये सत्तरेक माणसे, जवळजवळ तितकीच कुत्री. साहेबांचे भाषण — त्यात ‘मी’ एकोणीस वेळा. पुढच्या ओळीत इमूनाआजी, मांडीवर नात.

पहिला फोटो.

पडद्यावर पुरुष! मोटारीच्या टपावर बसून हसणारा. जुलैत गेलेला. त्याची बहीण तिसऱ्या ओळीत होती.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो लिहिता येणार नाही. बायका तिच्यावर ओणवल्या. पुरुषांनी माना खाली घातल्या. आजींनी नातीचे डोळे झाकले. तोवर दुसरा फोटो — तोच माणूस. तिसरा — तोच! साहेब रिमोट बडवत होते, "थांब की! थांब!" अखेर दुकानदाराने वायर उपटली.

सॉसेज करपले.

१५ नोव्हेंबर

उलगडा झाला. दोन्ही फोल्डरांचे नाव कुन्मानारा. दोन्हींत ००१ पासून आकडे. आधी तिचे फोटो नव्या डिस्कवर गेले. मग त्याचे, तिच्या फोटोंच्या जागी. त्याचे दोनशे बारा. तिचे शेवटचे अठ्ठेचाळीस वाचले. त्यांतले बहुतेक तिने रंगवलेल्या चित्रांचे. चेहरा तिनांत. त्यांतल्या एकात अर्धा.

साहेब उंबऱ्यावरच्या आजींना समजावत होते. "दोघांना एकच नाव? ही काय पद्धत झाली? गोंधळ होणारच!"

"चुकलंच आमचं, बाबा," आजी म्हणाल्या. "यापुढे तुला विचारून मरू."

मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, तू होतीस ना त्या दिवशी इथं?"

साहेबच परस्पर उत्तरले, "ती? ती कुठे बोलते!"

शाळेत पहिली आले तेव्हाही बक्षीस घ्यायला बाबांनाच व्यासपीठावर पाठवले होते. मुकेपणाचा एवढा उपयोग मात्र प्रथमच झाला. आजी उठून गेल्या.

१६ नोव्हेंबर

नऊ तारखेला लिहायचे राहिले. राहिले नाही — लिहिले नाही.

संगणकाने विचारले होते: या नावाचे दोनशे बारा फोटो आधीच आहेत, त्यांच्या जागी हे ठेवू का? साहेबांची शीळ थांबली. ते वळून मला म्हणाले, "ठेवू ना?"

काय होणार ते मला स्वच्छ कळले होते. ‘नाही’ म्हटले असते तर का, ते सांगावे लागले असते.

मी मान डोलावली.