विजेच्या पुडीने घासलेले दात

तंजावूर, मंगळवार

चि. सीतारामरावास अक्काचे आशीर्वाद. पापनाशमहून तंजावूर बसने तासाभराचे, पण तुला ते काशीएवढे लांब. तेव्हा आठवण करून देते की राजवाड्यामागच्या गल्लीत तुला एक थोरली बहीण आहे, आणि अजून आहे. गुडघे कसे आहेत? बरे असतील तर येत का नाहीस, नसतील तर कळवत का नाहीस? मी ठीक, म्हणजे कालपर्यंत होते. (शेजारच्या अलमेलुने हिंदीच्या परीक्षा दिल्यात म्हणून ही नागरी अक्षरे तिची; हसणेही तिचेच चालले आहे.)

माझी राखुंडी संपली, तिथून सारे सुरू झाले. हल्ली दुकानात परदेशी पेस्टांचे वीस रंग मिळतात, काळी पूड मागितली की दुकानदार माझ्याकडे राजवाड्यातल्या वस्तूसारखे पाहतो. परवा स्वयंपाकघरातल्या फळीवर बाटलीत काजळासारखी मऊ पूड दिसली. नातीला, हरिणीला, माझी दया आली असे समजून मी मनसोक्त दात घासले, काल पुन्हा घासले. (हिरड्यांनाही चोळली.) काल दुपारी ती म्हणते, "आजी, त्या बाटलीला हात लावू नकोस हं, माझी दोन वर्षे आहेत त्यात." तुझ्याच बागेतल्या करवंट्या जाळून, क्षारात भाजून, शंभरदा धुऊन केलेला कोळसा तो. त्याच्या कणाकणाला डोळ्यांना न दिसणारी भोके. चमचाभर पूड उलगडून पसरली तर भाताचे शेत झाकेल म्हणे. त्या भोकांत वीज जाऊन बसते. एका पत्र्यावर ही पूड, दुसऱ्यावर मँगनीजची, मध्ये ओला कागद, झाली वीज साठवायची डबी. बॅटरी सावकाश जेवते. ही एका घोटात पिते आणि मागाल तेव्हा एकदम देते. शुक्रवारी बाहेरगावचे परीक्षक येणार. त्यांच्यासमोर डबीवर दिवा लागला तर हिला बंगळूरला काम. कॉलेजात कोणी हात लावील म्हणून तिने बाटली घरी आणली होती.

तेव्हापासून मी दिव्याचे बटण दाबलेले नाही. देवळातल्या घंटेखाली जात नाही, पितळ आहे. जप ओठ मिटून करते. वीज दातांत बसली असेल तर ती एकदम कधी देईल, हे कोणाला विचारू? पण खरी भीती निराळीच. बाटली अर्ध्यावर आली होती, ते दिसू नये म्हणून हरिणी बाहेर जाताच मी भाताची तुसे जाळली आणि (हाताची सवय, काय करू) मीठ-लवंग कुटून त्यात घातली नि बाटली गळ्यापर्यंत भरली. आता तिच्या दोन वर्षांना लवंगेचा वास येतो. अलमेलु म्हणते, खरे सांगून टाका. सांगायला मी भीत नाही रे. पण हरिणी रागावत नाही, गप्प बसते. त्याला भिते.

तुझी अक्का (अंगठा)

ता.क. खरे काम असे. पत्र गल्लीतल्या कृष्णाजीच्या हाती संध्याकाळच्या बसने पाठवते आहे. उद्या ये, आणि गेल्या रविवारी येऊन दात तूच घासलेस, बाटलीही तूच भरलीस असे हरिणीला सांग. तू आजोबांच्या जागी. तुझ्याशी अबोला धरायला तिला जड जाईल.

ता.क. दुसरे. येऊ नकोस. मला लिहिता येत नसल्यामुळे सगळे मोठ्याने सांगावे लागते, आणि हरिणी केव्हाची दारात उभी होती. बोलली नाही. बाटली हुंगली, उरलेल्या करवंट्यांचे पोते मोपेडला बांधले आणि कॉलेजात गेली. शुक्रवारपर्यंत पुन्हा भाजणार, पुन्हा धुणार. जमेल का, हेसुद्धा मला विचारता आले नाही. न जेवता गेली आहे. उद्या पहिल्या बसने डबाभर तिच्या आवडीचा भोपळी मिरचीचा कायरस पाठव. चिंच जास्त, गूळ बेताचा, आणि झाकण घट्ट लाव.