शेवटच्या पानाची सहा भोकं

ठमाबाई,

तुझ्या फायलीतल्या शेवटच्या पानाला स्टेपलरची सहा भोकं आहेत. म्हणजे त्या लांबच्या कॉलेजचा अर्ज तू तीनदा जोडलास आणि तीनदा काढलास.

मी प्रयोगशाळेत लवकर जातेय. डबा ओट्यावर आहे.

बायोडेटा एका पानात बसव. सातवीतलं हस्ताक्षराचं बक्षीस काढून टाक, आताचं अक्षर बघून कुणाचा विश्वास बसणार नाही. विज्ञान प्रदर्शनातलं काम सगळ्यात वर घे.

‘घरातल्या जबाबदाऱ्या’खाली तू ‘आईला सोबत’ लिहून खोडलंयस. कागद उजेडात धरला की ते वाचता येतं. बाबा गेल्यापासून दोन वर्षं ते काम तू चोख केलंस, मीही कधी ‘पुरे’ म्हटलं नाही.

मंगळवारी तू मैत्रिणीकडे राहिलीस, तेव्हा मी रेडिओ न लावता एकटी जेवून पाहिलं. घास उतरतो, जरा वेळ लागतो इतकंच.

पान मी पुन्हा जोडलंय, आता भोकं आठ झाली. तुझ्यासमोर जीभ रेटत नाही, म्हणून आत्ता रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणून पाहिलं, “तू जा. मी राहीन एकटी.”