उजव्या कानातला मळ

९ जून
उशीर झाला लिहायला, वही, माफ कर. आठवडाभर तुला उघडलं नाही. उजवा कान बंद पडलाय. डावा तर कारखान्यातल्या ठोकाठोकीने केव्हाच गेला.

घरात सगळे पुटपुटतात. त्यात ही पहिली. मी म्हणालो, तोंड उघडून बोलत जा. तर म्हणते, "अहो, कान तुमचा बंद, माझ्यावर कशाला खेकसता?" चिरंजीव लगेच आईच्या बाजूने. "बाबा, कान दाखवा आधी." स्वतः घरी आला की फोनमध्ये डोकं घालून बसतो. चालला मला शिकवायला.

१० जून
काडेपेटीतली काडी घालून बघितली. गुल आतच राहिला. कुणाला सांगितलं नाही.

१२ जून
शेजारचे मास्तर म्हणाले, "कोमट तेल सोडा, काका." सोडलं. आता विहिरीत बसल्यासारखं वाटतंय. जन्मभर पोरांना काय शिकवलं असेल या माणसाने!

१३ जून
कानाचा डॉक्टर. पोरगेलासा, कपाळावर दिवा. मोठ्याने विचारलं, "आजोबा, आत काय काय घातलंत?" म्हटलं, काही नाही. त्याने चिमट्याने गुल काढून माझ्या तळहातावर ठेवला. चिरंजीव हसला. निर्लज्ज.

मळ दगडासारखा झालाय म्हणे, आत खरचटलंय, ओढला तर पडद्याला इजा होईल. थेंब टाका, मऊ झाला की या. म्हणजे दोन खेपा. एका खेपेत उरकलं तर यांचं दुकान चालणार कसं?

१५ जून
थेंबांनी मळ फुगला. ठार बहिरा झालो. असं होईल हे डॉक्टरने आधीच सांगितलं होतं म्हणे. बहिऱ्याला सांगून ठेवलं, शहाणा!

जेवताना ही काहीतरी बोलली. काय? परत बोलली. काय? ताट उचलून आत गेली. तेव्हापासून अबोला. धर म्हणावं.

१८ जून
कान मोकळा. बारीक नळीने मळ ओढून काढला. आत वादळ सुटल्यासारखं झालं. निघाला तो वाटाण्याएवढा, काळा.

पंखा करकरतो. चिरंजीव मचमच करत जेवतो. सूनबाई फोनवर मला "आमचं म्हातारं" म्हणते. सगळं स्वच्छ ऐकू येतं, त्यातलं निम्मं ऐकण्याच्या लायकीचं नाही.

संध्याकाळी हिने अबोला सोडला. चहा ठेवून काहीतरी बोलली.
ऐकू आलं नाही.

१९ जून
चिरंजीवाला म्हणालो, आईचं बोलणं ऐक.
"बाबा, आता तरी तिला—"
"गप्प बस आणि ऐक."

तो तिच्या तोंडाशी कान नेऊन बसला. त्यालाही शब्द लागेना. मग माझ्याकडे बघायला तयार होईना.

कधीपासून गं, असं मी विचारलं. कान तिच्या ओठांशी नेला तेव्हा ही घशातल्या घशात म्हणाली, "घसा बसलाय कधीचा. मला वाटलं, तुमचा कानच."

२३ जून
परवा त्याच डॉक्टरकडे नेलं, घसाही तोच बघतो. घशात नळी घालून बघितलं. या वेळी मोठ्याने बोलला नाही. आज भूल देऊन आतला तुकडा काढला, तपासायला पाठवला.

डॉक्टर, काय असेल ते लवकर कळवा. मला ऐकू येतं आता.