हलव्याची परात

आई, पौषातल्या सकाळी तू मागच्या पडवीत शेगडीवर परात ठेवून बसायचीस आणि मी युनिफॉर्मचा पट्टा बांधत रिक्षाची वाट पाहत तुझ्याजवळ उभी असायचे. परातीत तीळ, वरून चमचाभर पाक, आणि तुझी बोटं गोल गोल फिरत असायची. झाशीची थंडी हलव्याला मानवते, काटा कसा सुईसारखा येतो, असं तू म्हणायचीस. एकदा मी हात पुढे केला, तर तू तो मनगटाशी धरून मागे सारलास. "बोटं भाजली तर पेन कसं धरशील? शाळेत सिस्टर रोज हात बघतात ना?" मला तेव्हा केवढा मान वाटला होता. आपल्या घरातले लिहिणारे हात माझे!

मग धाकट्या भावाचं लग्न झालं. जवळच्या टहरौली गावची मुलगी, मराठीचा एक शब्द येत नव्हता. तुला आईजी म्हणायची, मला जिज्जी. पहिल्या संक्रांतीला तू तिला हलव्याच्या दागिन्यांनी मढवलंस, तर ती गळ्यातला हार उलटा करून टाके पाहू लागली. पुढच्या थंडीत मी माहेरी आले तेव्हा परातीशी ती बसली होती. बोटं लाल झालेली, आणि तू म्हणत होतीस, "चलने दो, रुको मत." मला तू आत जाऊन चहा ठेवायला सांगितलंस.

आज ती केवढी मोठी झाली आहे, हे तुला मीच कळवायचं. आधी ती खंडेराव गेटकडच्या आपल्या मराठी घरांना दागिने करून द्यायची. मग तिने तुझे जाडजूड मुकुट आणि बाजूबंद बाजूला ठेवले, एकेरी सर आणि नाजूक कर्णफुलं स्वतः आखली, काळ्या कागदावर मांडून फोटो काढले आणि इंटरनेटवर दुकान उघडलं. नागपूरला गेलेल्या पहिल्या पार्सलचा चुरा झाला. तर बाई सीपरी बाजारातून अंड्यांचे ट्रे घेऊन आल्या, दागिन्यादागिन्यापुरते खळगे कापले, आणि डबा बसच्या कंडक्टरच्या हाती देऊन टहरौलीला माहेरी पाठवला, तिथून परत मागवला. त्या रस्त्यावर जे टिकेल ते अमेरिकेपर्यंत टिकेल, असं तिचं गणित. कितीतरी डबे असे जाऊन आले. आता तिचा रिकामा डबासुद्धा लोक जपून ठेवतात. वर नक्षी नाही, नाव नाही, फक्त एक पांढरा ठिपका. बोट फिरवलं तर काटेरी लागतो. आतल्या चिठ्ठीवरचा इंग्रजी मजकूर माझा आहे. त्याचंही कौतुक तिच्याच वाट्याला जातं.

मुलाखतीत ती सांगते, हमें तो सब हमारी सास ने सिखाया. त्यात एक अक्षर खोटं नाही, म्हणून भांडताही येत नाही.

शेवटच्या दुखण्यात तू परात मला दिलीस. का, ते विचारायचं राहिलं. ती माझ्या कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. गेल्या आठवड्यात भावजय आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "जिज्जी, आईजी वाली परात दे दो. हमारी का पेंदा भारी है, काँटा ठीक से नहीं उठता."

मी म्हटलं, "मेरे पास उनकी यही एक चीज़ है. तुम्हारे पास तो पूरी आई हैं."

मी दिलेला चहा तिने संपवला. मग म्हणाली, तर तुम्हीही येऊन बसा ना आमच्याबरोबर. मी म्हटलं, या वयात माझी बोटं भाजतील. ती हसली नाही. "सबकी जलती हैं, जिज्जी." आणि आपला कप विसळून ठेवून निघून गेली.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा वाटण्या इथेच लिहून ठेवते. परात भावजयीला, माझ्यानंतर नाही, याच पौषात. आतून कल्हई करून घे म्हणावं. माझी इंग्रजी पुस्तकं तिच्या मुलीला, कारण ती वाचते. बांगड्या माझ्या मुलीला. आणि शेजारणीच्या नावाने मी त्या दुकानातून एक हार मागवला आहे, काहीतरी खोट सापडावी म्हणून. तो कुणालाच द्यायचा नाही. दुपारी दार लावून मी त्यातला एकेक दाणा खाते. अर्धा संपलासुद्धा.