कल्हईचा धूर

अब्बा, माझ्या चेहऱ्याला काय झालं होतं ते गेल्या वर्षी कळलं. तुम्हाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पहिला विचार आला तो घरी जाऊन तुम्हाला सांगायचा.

मी नववीत होते. घरासमोर तुमची भट्टी. भाता चालतोय, तापलेल्या पातेल्यात तुम्ही नवसागर टाकता, पांढरा धूर उठतो आणि कापसाच्या बोळ्याखाली पातेलं आतून चांदीसारखं होतं. लग्नसराईत लांबच्या वांगणीकडचे लोकसुद्धा मोठी भांडी घेऊन यायचे. त्याच उन्हाळ्यात माझे गाल लाल झाले, त्यांचे पापुद्रे निघू लागले. साधं पाणी लागलं तरी आग व्हायची. सकाळी डोळे सुजलेले असायचे. सगळे घामाने भिजलेले असताना मी चादर ओढून बसायचे, आणि झोप तर संपतच नव्हती. एकदा अम्मी बाहेर गेली होती, तिने चुलीवरच्या भाताकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मी तिथेच भिंतीला टेकून झोपले आणि भात करपला. तुम्ही आत येऊन ओरडलात, "दिवसभर झोपतेस? घरात काय चाललंय याची शुद्ध आहे का?" मी दचकून वर पाहिलं. तुम्ही माझा चेहरा पाहिलात. पातेलं उचलून स्वतःच घासायला घेतलंत.

मग तुम्ही नाशिकहून क्रीमची डबी आणलीत. स्वतः समोर बसून मला लावायला लावलीत. "थंड वाटतं ना, बेटा?" माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अम्मी म्हणाली, "अहो, आणखी लाल झालाय तिचा चेहरा." तुम्ही ओल्या पंच्याने ते सगळं हळूहळू पुसून काढलंत. पुसता पुसता म्हणालात, "हा माझा धूर आहे. दुसरं काही नाही."

मी नाही म्हटलं, अम्मीनेही समजावलं. "मग सांगा, दुसरं काय आहे?" असं तुम्ही विचारलंत. भट्टी आधी गावाबाहेर गेली. तिथे गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी तुम्ही ती विझवलीत आणि एका दुकानात पोती उचलू लागलात. स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाल्याचा धंदा बसला, असं गाव आजही म्हणतं. घरात आम्हाला खरं कारण माहीत होतं. भट्टी गेली तरी माझा चेहरा तसाच राहिला. रोज संध्याकाळी पोत्यांची धूळ झटकून तुम्ही माझ्याकडे बघायचात, आणि मी दिव्याकडे पाठ करून बसायचे. तुम्ही गेलात तेव्हाही तो तसाच होता.

गेल्या वर्षी शाळेत शिकवताना फळ्यासमोरच मला भोवळ आली. रक्त तपासायला नाशिकला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, "थायरॉइड कमी काम करतंय. खूप वर्षांपासून असणार. सूज, थंडी, झोप, कोरडी कातडी, सगळं त्याचंच." मी विचारलं, "नवसागराच्या धुराने होतं का हे?" ते म्हणाले, "नाही. धुराने थायरॉइड बिघडत नाही." मी तिथेच रडू लागले. गोळी जन्मभर घ्यावी लागणार म्हणून रडतेय असं त्यांना वाटलं.

आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. झोप कमी झाली, सूज उतरली. गालांची आग मात्र अजून होते. दोन मलमं बदलून झाली. उन्हातून शाळेत पोहोचले की मुलं विचारतात, "बाई, तुम्ही रागावलात का?"

धुराचा दोष नव्हता, एवढंच सांगायला बसले होते. कबरस्तानात आम्ही बायका जात नाही. भाई जातो, त्याच्याकडे निरोप द्यावा, तर तो मातीसमोर उभा राहून काय बोलणार? आणि डॉक्टर त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलले होते, तेही राहिलंय. गालांच्या आगीबद्दल ते म्हणाले, "कातडी मुळातच नाजूक आहे. लहानपणी धुराने त्रास वाढलाही असेल, आता कसं सांगणार?" हे तुम्हाला सांगायचं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.