बिजागरीवरचा जोड

६ जानेवारी, सोमवार

आलं एकदाचं ते धूड! मिलिटरीच्या लिलावातला ट्रेलर. दोन चाकं, जाड पत्र्याचा हौदा, हिरवा रंग उडालेला आणि खाली नुसता तांबेरा. ट्रकवर टाकून आणला, कारण त्याची पुढची कडी एवढी मोठी की आपल्याकडच्या कुठल्याच गाडीच्या हुकात बसत नाही. शेडमध्ये निम्मी जागा त्यानंच खाल्ली.

गणपतरावांचं काम. गारगोटीजवळच्या एका गावात दूध संस्थेचे चेअरमन आहेत. मोठा माणूस, त्याहून मोठा आवाज. "हुसेनभाई, ह्येची म्हशींची ॲम्ब्युलन्स करून द्या. बसलेली म्हस चार गडी ट्रॉलीत ढकलत्यात आन तिची कंबर मोडत्यात. ते बंद करायचंय मला."

मी तोंड उघडायच्या आत अब्बा म्हणाले, "करू की! त्यात काय!"

त्यात काय! असलं काम आपण जन्मात केलेलं नाही. जाळ्या, दारं, उसाच्या ट्रॉलीचे फाळके — हे आमचं काम. मला एका शब्दानं विचारलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

चाकं निघेनात. उजवं कसंबसं निघालं. डाव्याच्या नटावर पान्याला पाइप लावला, पाइपवर उभी राहिले, उड्या मारल्या. शेवटी बोल्टच तुटला.

अब्बा चहा पीत बसलेले. म्हणाले, "डाव्या अंगाचं आटं उलटं असत्यात. मिलिटरीचा माल हाय त्यो."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कुठं?"

बोल्ट उद्यमनगरातनं करून आणावा लागणार. अख्खा दिवस पाण्यात.

११ जानेवारी, शनिवार

हौदा माझ्या छातीएवढा उंच. न उठणारी म्हैस इतक्या वर चढवायची कशी? मी म्हटलं ॲक्सल कापून खाली घेऊ. अब्बा म्हणाले नको, चेसिसला हात लावायचा नाही. मागं दोन बिजागऱ्या टाकू, हौदा पुढनं उचलला की मागची कड जमिनीला टेकेल, मग विंचच्या रहाटानं म्हैस ओढून घ्यायची. तासभर भांडलो. शेजारचे भंगारवाले बघायला आले.

कल्पना चांगली आहे. मला ते मान्य करायचं नव्हतं, एवढंच.

१५ जानेवारी, बुधवार

आज जे बघितलं ते कुणाला सांगू?

अब्बांनी हौद्याच्या कठड्याला वेल्डिंग मारलं. मी वरची स्लॅगची खपली झाडायला गेले — जोड एकीकडं आणि वेल्डिंग दुसरीकडं! बोटभर अंतर. दोन पट्ट्या नुसत्या शेजारी उभ्या होत्या. ज्या माणसानं मला होल्डर धरायला शिकवलं, त्याचं काम हे!

लग्न मोडून मंगळवार पेठेतल्या घरी परत आले होते तेव्हा सगळे नातेवाईक समजवायला यायचे. अब्बांनी कुणाशी वाद घातला नाही. मला इथं कळंब्याला शेडवर आणलं, वेल्डिंगची काळी काच हातात दिली, म्हणाले, "बघ, रस कसा पळतो ते. त्येच्या मागनं जायचं. पुढं न्हाय." बास. तेव्हापासून इथंच आहे.

आज म्हटलं, "अब्बा, जरा बघा की हे."

"बघितलं की." आणि अंगठा फिरवला. मग म्हणाले, "उजेड न्हाय हितं नीट."

१६ जानेवारी, गुरुवार

नवी ट्यूब बसवली. भगभगीत उजेड. तरी अब्बांनी ट्रेलरच्या दांड्याला नडगी धडकवून घेतली आणि वर मलाच ओरडले — "वाटंत कशाला ठेवलास!" दहा दिवस तो तिथंच आहे!

१७ जानेवारी, शुक्रवार

चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हटलं. "माझं डोळं तू शिकवू नगंस." जेवले नाहीत.

२० जानेवारी, सोमवार

गणपतरावांचा फोन. पुन्हा फोन. पुन्हा फोन. "पावणं, म्हशी काय मुहूर्त बघून आजारी पडत्यात व्हय?" बेअरिंग खल्लास निघालं, आत ग्रीसचा दगड झालेला. स्प्रिंगच्या पाट्यांची एक पात तुटकी. पुढची कडी कापून पिकअपचं हूक बसवलं तर ते तिरकं बसलं, परत कापलं. एक गोष्ट धड होत नाही. काही दुरुस्त करायला घेतलं की त्याच्या शेजारचं हातात येतं.

अब्बांनी बिजागऱ्यांचं काम स्वतःकडं घेतलंय. "ते मीच करणार. सगळा भार त्येच्यावर हाय." नेमकं तेच!

२४ जानेवारी, शुक्रवार

अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले आणि मी शटर निम्मं ओढून घेतलं.

दोन्ही बिजागऱ्यांचे जोड बघितले होते. शेणी थापल्यासारखे. कुठं ढिगारा, कुठं खड्डा, रेघ नावाला नाही. ह्याच्यावर म्हैस? ग्राइंडर घेतला आणि डाव्या बिजागरीचं त्यांचं वेल्डिंग घासायला लागले. चोरासारखं वाटत होतं. माझ्याच शेडमध्ये! घासून संपेना — खोल गेलेलं. अर्धं घासलं आणि वरनं माझं मारून घेतलं. काय सुंदर दिसतंय! एकसारखे खवले. उजवीला हात घालणार तोवर वस्तीतली माणसं नमाजाहून परत यायला लागली. घाईघाईनं डावीवर रेड ऑक्साइडचा तांबडा रंग फासला, उजवीवर पण फासला, म्हणजे फरक कळू नये.

अब्बा आले, वास घेतला. "वेल्डिंग मारलंस व्हय?"

"कठड्याचं."

खोटं बोलले. राग त्यांच्यावर, आणि खोटं मी बोलतेय. उजवी पुढच्या शुक्रवारी.

२७ जानेवारी, सोमवार

आता रंगावरनं! गणपतरावांना हिरवाच पाहिजे. "मिलिटरीची गाडी बघून लोक वाट देत्यात." मी म्हटलं, तो मिलिटरीचा रंग खासगी गाडीला चालत नाही, पोलीस धरतील. "कोण धरतंय बघतो की!" शेवटी पांढरा ठरला. त्याखालनं हिरवा दिसतोच आहे. तीन हात मारले तरी दिसतोय. डोकं फुटायची वेळ आली.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळी फोन — "धोंडुबाईची म्हस बसली. कालपासनं उठंना. गाडी घेऊन या, आत्ताच्या आत्ता!"

मी म्हटलं, रंग ओला आहे, रिकामी गाडीसुद्धा अजून चालवून बघितलेली नाही. तेवढ्यात अब्बांनी हातातनं फोन घेतला. "निघालोच बघा."

पिकअप मीच चालवली. आरशातनं सारखी मागं बघत होते. ट्रेलर छान येत होता. सरळ, न डुलता. मनात म्हटलं, जमलं की आपल्याला.

धोंडुबाई एकटी बाई. माणूस म्हणून घरात ती आणि ती म्हैस. नुकतीच व्यालेली. गोठ्यापुढं तिच्या मानेला टेकून बसली होती आणि कानात सांगत होती, "उठ गं बाई, उठ. तुझं रेडकू बघ कसं वरडालंय." निम्मं गाव गोळा झालेलं. गणपतराव सगळ्यांना मागं सारत होते.

हौदा तिरका केला. मागची कड अलगद जमिनीला टेकली. अब्बांनी म्हशीच्या पोटाखालनं पट्टा घेतला, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी विंचची मूठ फिरवत होते. रबरी चटईवरनं म्हैस वर यायला लागली. खरंच येत होती! ना ओढाताण, ना ओरडा. धोंडुबाई रडता रडता हसली. कुणीतरी शिट्टी मारली.

हौदा आडवा करायला घेतला आणि डाव्या अंगाला कडाड झालं.

डावी बिजागरी सुटली. हौदा कलला, म्हैस घसरत कठड्यावर गेली, कठडा वाकला आणि ती तशीच खाली आदळली. एक शिंग मुळापासनं मोडलं. रक्ताची चिळकांडी. धोंडुबाईनं जो हंबरडा फोडला तो म्हशीपेक्षा मोठा होता.

गणपतराव अब्बांच्या अंगावरच धावले. "हुसेनभाई, दिसत न्हाय तर कामं कशाला घेता? म्हातारपणी घरात बसावं की गप!"

सगळ्या गावादेखत.

अब्बा वाकून सुटलेली बिजागरी हातानं चाचपत होते. उठले. टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "माझंच काम हाय, चेअरमन. चूक माझी."

मी मूठ धरून उभी. डावी! शुक्रवारची! तोंड उघडायला पाहिजे होतं. उघडलं नाही. उलट मनात पटापट जुळवत होते — वरचं माझं असलं तरी मूळ त्यांचंच. मूळ कच्चं असेल तर वरचा जोड काय करणार. आणि अजून एक, ते पण लिहिते, इथं कोण वाचतंय: बरं झालं, असंही वाटलं. आता तरी थांबतील.

म्हैस शेवटी ट्रॉलीतनंच नेली. ढकलून. कंबर मोडत.

३० जानेवारी, गुरुवार

अब्बा शेडवर आले नाहीत.

३१ जानेवारी, शुक्रवार

आजही नाहीत. जुम्म्यालाही गेले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून आहेत. विचारलं तर "काय न्हाय, पाय दुखतोय." शेजारच्या भंगारवाल्यानं विचारलं, चाचा कुठं? मी म्हटलं, पाय दुखतोय.

एवढं पाहिजे होतं ना मला? थांबावं म्हणून? मग चिडचिड का होतीय!

१ फेब्रुवारी, शनिवार

ट्रेलर परत आणला. सुटलेली बिजागरी उन्हात धरून बघितली.

माझं वेल्डिंग पापुद्र्यासारखं उचकटून आलंय. एकसारख्या सुंदर खवल्यांसकट. खाली धड घासलेलंच नव्हतं. गंज, ग्राइंडरची धूळ, सगळं मध्ये दाबून वरनं मी नुसता मुलामा चढवलेला. आणि एका कोपऱ्यात, जिथं माझा ग्राइंडर पोचला नव्हता, तिथं अब्बांचा तुकडा चेसिसला अजून चिकटून. लोखंड फाटलंय, तो सुटला नाही.

मग उजवी बघितली. ती त्यांचीच, जशीच्या तशी, शेणी थापलेली. हौदा पिळवटला तेव्हा अख्खी म्हैस तिच्यावर आली होती. घण घेतला. मारला. परत मारला. हात झिणझिणले. तिला काही झालं नाही.

कठड्याचं त्यांचं काम वाईटच होतं, ते मी बघितलंय. ते खोटं नाही. पण बिजागरी मी मोडली. ते पण खोटं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आधी गणपतरावांना फोन केला. अब्बांना सांगायची हिंमत नव्हती म्हणून. "तो जोड माझा होता. अब्बांच्या माघारी मी केलेला."

ते पहिल्यांदाच खालच्या आवाजात म्हणाले, "मग त्या दिवशी का न्हाय बोललीस?"

मी म्हशीचं विचारलं.

"म्हस उठली काल. वैरण खाल्ली. पर धोंडुबाई तुमची गाडी दारात उभी करून घ्यायची न्हाय आता." आणि फोन ठेवता ठेवता, "मला सांगून काय उपयोग, पोरी? म्हाताऱ्याला सांग. मी त्येला नगं नगं ते बोललो."

संध्याकाळी अब्बांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. चहा ठेवला आणि परत आले. भित्री कुठली!

३ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. शुक्रवारचं, शटरचं, खोटं बोलल्याचं, सगळं. मला वाटलं उठून मारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "उजवी टिकली? नक्की माझीच हुती?" नक्की, म्हटलं. पलंगाचा कठडा धरून उठून बसले. मग माझ्याकडं नाही, माझ्या थोडं बाजूला बघत म्हणाले, "सबे, बकरीदपासनं मला तुझं तोंड दिसत न्हाय गं. पावलावरनं वळखतो."